वकिलांची तक्रार कोण ऐकतं? नागपूरचे जस्टिस हिदायतुल्लाह आणि बार कौन्सिलची ती खुर्ची

वकिलानं फी घेतली, वकीलपत्रावर सही घेतली आणि ऐन तारखेला कोर्टात उभाच राहिला नाही. किंवा समोरच्या पार्टीशी परस्पर बोलून तडजोड करून टाकली. किंवा नुकसानभरपाईचा चेक आला, पण अशिलाच्या हातात पोहोचेपर्यंत निम्मा झाला. मोमिनपुऱ्यात, ताजबागेत, हंसापुरीत बसून दहा माणसांशी बोला, त्यातल्या दोघांकडे तरी असा एखादा किस्सा निघतोच. आणि प्रत्येक किस्सा एकाच वाक्यावर येऊन थांबतो, की वकिलाविरुद्ध वकीलच कशाला उभा राहील?

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे आणि ते बरंच जुनं आहे. वकिलांच्या वर्तणुकीची चौकशी करणारं मंडळ, त्यावरचे सदस्य, त्यांच्या डोक्यावरचं हायकोर्ट, ही सगळी व्यवस्था इंग्रजांच्या काळापासून आहे. ही व्यवस्था जवळजवळ प्रत्येक बाजूनं पाहिलेला एक माणूस आपल्या नागपुरात होऊन गेला. त्यांचं नाव घेतलं की लोकांना देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश आठवतात, उपराष्ट्रपती आठवतात. पण त्याआधी ते नागपूरच्या बार कौन्सिलचे सदस्य होते, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. मरहूम जस्टिस मोहम्मद हिदायतुल्लाह यांची गोष्ट आम्ही आज त्या बाजूनं सांगणार आहोत.

17 डिसेंबर 1905 रोजी लखनौमध्ये त्यांचा जन्म झाला. घराणं शिकलेलं. आजोबा मुन्शी कुदरतुल्लाह बनारसमध्ये वकिली करत. वडील खान बहादूर हाफिज मोहम्मद विलायतुल्लाह सरकारी नोकरीत मध्य प्रांतात आले आणि त्याबरोबर ते उर्दूचे शायर म्हणूनही नावाजले गेले. त्यामुळे मुलाचं शालेय शिक्षण रायपूरला झालं आणि कॉलेजसाठी तो नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आला. तेच कॉलेज आज वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. 1926 मध्ये पदवी घेतली, मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, लिंकन्स इनमधून बॅरिस्टरी, आणि 1930 मध्ये हा पंचविशीतला तरुण परत नागपुरात दाखल झाला.

त्या वेळी नागपुरात हायकोर्ट नव्हतं. ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. हायकोर्ट जानेवारी 1936 मध्ये आलं आणि सिव्हिल लाइन्समधली ती घुमटाची देखणी इमारत 1940 मध्ये उघडली. म्हणजे हिदायतुल्लाह साहेबांनी आपल्या डोळ्यांसमोर एक कोर्ट लहानाचं मोठं होताना पाहिलं. वकिली सुरू करून एक वर्ष होत नाही तोच ते नागपूर म्युनिसिपल कमिटीत गेले, 1931 ते 1933. पुढे 1935 पासून 1943 पर्यंत लॉ कॉलेजात शिकवायचे. दिवसभर कोर्टात काळा कोट घालायचा आणि उरलेल्या वेळात पोरांना कायदा शिकवायचा, असा त्यांचा दिनक्रम. पुढची कित्येक वर्षं नागपूरच्या बारमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं दिसत राहिली, ती या नोकरीमुळे. आपण ज्यांना शिकवलं त्यांच्याविरुद्धची तक्रार एक दिवस आपल्यासमोर येऊ शकते, हे शिकवताना कोणाच्या मनात येत नसणार.

1942 च्या डिसेंबरात ते सरकारी वकील झाले आणि ऑगस्ट 1943 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल, म्हणजे महाधिवक्ता. वय सदतीस. त्या वेळी देशातल्या कुठल्याही प्रांतात एवढ्या कमी वयाचा महाधिवक्ता नव्हता. आपल्या विषयाची सुरुवात इथूनच होते.

त्या काळात वकिलांसाठी 1926 चा बार कौन्सिल कायदा होता. त्यानुसार प्रत्येक हायकोर्टाच्या बार कौन्सिलवर पंधरा सदस्य. दहा वकिलांनी निवडून दिलेले, चार हायकोर्टानं नेमलेले आणि एक जागा पदामुळेच महाधिवक्त्याची. त्यासाठी निवडणूक नाही की शिफारस नाही. त्या खुर्चीवर जो असेल तो कौन्सिलवर असणारच. म्हणून 1943 ते 1946 हिदायतुल्लाह साहेब नागपूर बार कौन्सिलवर होते.

आता या मंडळाच्या हातात काय होतं ते नीट पाहा, कारण इथं लोकांचा गोंधळ होतो. बार कौन्सिलला त्या वेळी कोणाची सनद काढून घेता येत नव्हती. तक्रार जायची हायकोर्टाकडे. एखादं कोर्ट तक्रार करू शके, खुद्द कौन्सिल करू शके, किंवा तुमच्या-आमच्यासारखा कुठलाही माणूस. हायकोर्टाला तक्रार पोकळ वाटली तर ती तिथंच फेटाळली जायची. दम वाटला तर चौकशीसाठी बार कौन्सिलकडे किंवा जिल्हा कोर्टाकडे पाठवली जायची. कौन्सिलकडे आली तर मुख्य न्यायमूर्ती कौन्सिलच्याच सदस्यांमधून तीन ते पाच जण निवडून एक न्यायाधिकरण बसवत. हे तीन-पाच जण साक्षी घेत, कागद तपासत आणि आपला निष्कर्ष हायकोर्टाला कळवत. शिक्षा मात्र हायकोर्ट देई: ताकीद, काही काळ वकिली बंद, किंवा कायमचं नाव काढून टाकणं. आणि त्या शेवटच्या सुनावणीत ज्याच्यावर आरोप आहे तो वकील, बार कौन्सिल आणि महाधिवक्ता, तिघांनाही आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागे.

थोडक्यात काय, तर चौकशी भाईबंदांनी करायची आणि शिक्षा जजनं द्यायची. यात एक शहाणपण होतं असं आम्हाला वाटतं. वकिलाची लबाडी वकिलालाच लवकर कळते. कोणती तारीख मुद्दाम चुकवली, कोणता अर्ज मुद्दाम अर्धवट लिहिला, हे बाहेरच्याला समजायला महिने लागतील, बार रूममध्ये बसणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात. पण त्याच बार रूममध्ये उद्या एकत्र चहा प्यायचा असतो. म्हणून शेवटचा शब्द त्यांच्या हाती ठेवला नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हा सगळा मान हायकोर्टाच्या ॲडव्होकेट लोकांपुरता. तालुक्याच्या कोर्टात काम करणारे प्लीडर आणि मुख्तार 1879 च्या वेगळ्या कायद्याखाली होते. यवतमाळ किंवा भंडाऱ्याच्या गरीब शेतकऱ्याचा संबंध बहुतेक वेळा त्यांच्याशीच यायचा. तेव्हा वकिलीच्या धंद्यातही वरचे आणि खालचे असे दोन मजले होते, आणि बार कौन्सिल फक्त वरच्या मजल्यावर होतं.

महाधिवक्त्याची खुर्ची या सगळ्यात जरा चमत्कारिक. तो सरकारचा वकील, बारचा पुढारी आणि तरीही शिस्तीच्या प्रकरणात कोणाच्याच बाजूचा नाही. तो फिर्यादी नसतो. आरोपीचा वकील नसतो. कोर्टाला नीट दिसावं म्हणून दिवा धरणारा माणूस, इतकीच त्याची भूमिका. हिदायतुल्लाह साहेबांनी ही भूमिका जवळपास तीन वर्षं सांभाळली. याच काळात ते नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवरही होते, म्हणजे शहराचे रस्ते आणि लेआउट यांच्या फायलीही त्यांच्या टेबलावर यायच्या. महाधिवक्त्याच्या भूमिकेची आठवण वाचकांनी डोक्यात ठेवावी, पुढे लागणार आहे.

जून 1946 मध्ये ते नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मग आला 1947. घरात फाळणी झाली म्हणावं अशी वेळ होती. थोरले बंधू मोहम्मद इकरामुल्लाह आयसीएस होते, ते पाकिस्तानात गेले आणि तिथले परराष्ट्र सचिव झाले. हिदायतुल्लाह नागपुरातच राहिले. 1948 मध्ये त्यांनी पुष्पा शाह यांच्याशी लग्न केलं. त्या दिवसांत मुसलमान जज आणि हिंदू घरातली मुलगी यांच्या लग्नावर काय काय बोललं गेलं असेल, याचा अंदाज आजच्या वाचकाला वेगळा सांगायला नको. ते शांतपणे कोर्टात जात राहिले.

जज म्हणून आता ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. बार कौन्सिलच्या न्यायाधिकरणानं पाठवलेला निष्कर्ष हायकोर्ट वाचायचं, आणि मान्य करायचा की नाही ते ठरवायचं. 3 डिसेंबर 1954 रोजी ते नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती झाले, तेव्हा न्यायाधिकरणावर कोण बसणार हे ठरवायचा अधिकारही त्यांच्याकडे आला. म्हणजे बघा, आधी मंडळाचे सदस्य, मग मंडळाचा निष्कर्ष तपासणारे जज, मग मंडळातून चौकशी करणारी माणसं निवडणारे मुख्य न्यायमूर्ती. अकरा-बारा वर्षांत एकाच गावात, एकाच इमारतीत.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर हायकोर्टच संपलं. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच इमारतीत मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं आणि हिदायतुल्लाह साहेब नव्या मध्य प्रदेशच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन जबलपूरला गेले. नागपूरच्या जुन्या वकिलांना ही जखम बरीच वर्षं ठसठसत होती. राजधानीही गेली आणि स्वतःचं हायकोर्टही. डिसेंबर 1958 मध्ये ते सुप्रीम कोर्टात पोहोचले, तिथंही त्या वेळचे सर्वांत तरुण जज म्हणून.

इकडे वकिलांचा कायदा बदलत होता. 1951 मध्ये न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बार समिती नेमली गेली होती, तिचा अहवाल 1953 मध्ये आला. त्यातून पुढे 1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट तयार झाला. प्लीडर, मुख्तार, ॲडव्होकेट असे मजले हळूहळू गेले आणि सगळ्यांची एकच जात उरली, ॲडव्होकेट. शिस्तीच्या बाबतीत तर मोठीच उलथापालथ झाली. आधी शिक्षा हायकोर्ट द्यायचं, आता ती बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीच्या हाती गेली. समितीत तीन जण: दोन कौन्सिलचे निवडून दिलेले सदस्य आणि एक बाहेरचा, किमान दहा वर्षं वकिली केलेला. या समितीच्या निकालावर अपील दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून थेट सुप्रीम कोर्टात. हायकोर्ट मधून पार निघून गेलं. महाधिवक्त्याला मात्र प्रत्येक सुनावणीची नोटीस जायलाच हवी आणि त्याला बोलू द्यायला हवं, ही जुनी रीत नव्या कायद्यानंही ठेवली.

25 फेब्रुवारी 1968 रोजी हिदायतुल्लाह साहेब सरन्यायाधीश झाले. आणि 1970 मध्ये त्यांच्यासमोर जे प्रकरण आलं, ते महाराष्ट्राचंच होतं.

मुंबईच्या एका वकिलावर परदेशात एका किरकोळ गुन्ह्याबद्दल ठपका बसला होता. कोणा अशिलाची तक्रार नव्हती. महाराष्ट्र बार कौन्सिलनं स्वतःहून चौकशी केली आणि शिस्तपालन समितीनं त्या वकिलाला गैरवर्तनातून मोकळं केलं. महाराष्ट्राचे महाधिवक्ता त्या वेळी एच. एम. सीरवाई होते, राज्यघटनेवरच्या ग्रंथामुळे ज्यांचं नाव आजही वकील आदरानं घेतात. त्यांना हा निकाल पटला नाही. त्यांनी बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील केलं आणि तिथं निकाल उलटा फिरला. आता वकील सुप्रीम कोर्टात आला. त्याचा मुद्दा साधा: अपील करायचा हक्क कायद्यानं व्यथित माणसाला दिला आहे, म्हणजे ज्याला निकालाची झळ बसली त्याला. महाधिवक्त्याला कसली झळ?

सरन्यायाधीशांनी बहुमतासोबत जाऊन वकिलाच्या बाजूनं कौल दिला. त्यांचा विचार असा होता की निकाल आवडला नाही म्हणून कोणी व्यथित होत नाही. निकाल वेगळा लागला असता तर ज्याच्या पदरात काही पडलं असतं आणि आता ते पडलं नाही, तो व्यथित. महाधिवक्त्याला नोटीस जाते, त्याचं ऐकून घेतलं जातं, ते समितीला मदत व्हावी म्हणून. त्यामुळे तो पक्षकार होत नाही. आणि जो पक्षकार नाही त्याला कोणाच्या सुटकेविरुद्ध वर दाद मागता येणार नाही.

आता ती नागपूरची खुर्ची आठवा. जो माणूस स्वतः महाधिवक्ता म्हणून बार कौन्सिलवर बसला होता, त्यानंच महाधिवक्त्याच्या अधिकाराला कुंपण घातलं. आपल्या जुन्या पदाचा मान वाढवायची संधी समोर होती, ती घेतली नाही. दिवा धरणाऱ्यानं काठी हातात घेऊ नये, असाच त्या निकालाचा रोख होता.

पण आम्ही इथं नुसती वाहवा करून पुढे जाणार नाही. कायद्याच्या शब्दाच्या दृष्टीनं निकाल बरोबर होता असं आम्हाला वाटतं. एकदा सुटलेल्या माणसामागे सरकारचा वकील लागू नये, हेही खरं. तरी त्यातून एक भोक राहिलं. जिथं अशील तक्रार करतो तिथं अशील तरी अपिलात जाईल. पण जिथं कौन्सिल स्वतः प्रकरण उचलतं आणि समिती भाईबंदाला सोडून देते, तिथं वर जाणार कोण? सुटलेला वकील तर जाणार नाही. सामान्य माणसाच्या मनातला तो सुरुवातीचा संशय, की वकील वकिलाला सांभाळून घेतो, नेमका अशा जागी खरा ठरू शकतो.

हे भोक दोन बाजूंनी बुजवलं गेलं. 1973 मध्ये संसदेनं ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये दुरुस्ती केली आणि महाधिवक्त्याला अपिलाचा हक्क स्पष्ट शब्दांत देऊन टाकला. सरन्यायाधीशांनी जे कायद्यात नाही म्हणून सांगितलं होतं, ते संसदेनं कायद्यात घातलं. आमच्या मते अशी कामं अशीच व्हायला हवीत, जजनं स्वतःच्या मनानं हक्क वाटत सुटू नये. दुसरं, 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात जजांनी सांगितलं की राज्याचं बार कौन्सिलही आपल्याच समितीच्या प्रकरणात व्यथित ठरू शकतं, कारण धंद्याची अब्रू सांभाळणं हे त्याचं काम आहे. ते प्रकरणही मुंबईचंच, फौजदारी कोर्टाच्या दारात अशिलांवर झडप घालून केस मिळवणाऱ्या वकिलांचं. ज्यांनी कोर्टाच्या आवारात असली ओढाताण पाहिली आहे, त्यांना वेगळं चित्र काढून दाखवायला नको.

हिदायतुल्लाह साहेबांचा स्वभावच असा, की अधिकार कोणाचाही असो, त्याला कायद्याची मर्यादा असलीच पाहिजे. 1966 चं मिरजकर प्रकरण बघा. मुंबई हायकोर्टाच्या जजनं एका साक्षीदाराची साक्ष छापायला वर्तमानपत्रांना मनाई केली होती. पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. नऊ जजांपैकी आठ जण हायकोर्टाच्या बाजूनं. एकटे हिदायतुल्लाह म्हणाले की जजच्या हुकुमानंही नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो. वकिलाला शिस्त लावायची, महाधिवक्त्याला मर्यादा दाखवायची, आणि जजला सोडून द्यायचं, असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. कोर्टाच्या अवमानाच्या खटल्यात ईएमएस नंबुद्रिपाद यांना त्यांनी दोषी धरलं खरं, पण हजार रुपयांचा दंड पन्नासावर आणला.

बाकीचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे, भरभर सांगतो. 1969 मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचा इंतकाल झाला, नंतर उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी राजीनामा दिला, आणि 20 जुलै ते 24 ऑगस्ट सरन्यायाधीश हिदायतुल्लाह देशाचे कार्यवाहक राष्ट्रपती होते. डिसेंबर 1970 मध्ये संस्थानिकांच्या तनख्याचा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त झाले. 1979 ते 1984 उपराष्ट्रपती, तेही बिनविरोध. या तिन्ही खुर्च्यांवर बसलेला दुसरा माणूस भारतात झाला नाही. 1980 मध्ये माय ओन बॉसवेल नावाचं आत्मचरित्र आलं. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यावरच्या मुल्लांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या त्यांनी संपादित केल्या. जाता जाता सांगतो, नावावरून अनेकांना हे मुल्ला म्हणजे कोणी मौलवी वाटतात. ते दिनशा मुल्ला, मुंबईचे पारशी वकील. वारसा, हिबा, वक्फ यांच्या केसमध्ये आपल्या वकिलाच्या टेबलावर जे जाड पुस्तक दिसतं, ते हेच.

18 सप्टेंबर 1992 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला 2003 मध्ये त्यांचं नाव मिळालं.

नागपूरच्या वकिलाविरुद्धची तक्रार आज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची असते. लेखी द्यावी लागते, वकीलपत्र, फीची पावती, कोर्टाच्या ऑर्डरची नक्कल असे कागद जोडले तर बरं. कौन्सिलला त्यात तथ्य वाटलं तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. एका वर्षात निकाल लागला नाही तर ते दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं, हा नियमही 1973 च्या दुरुस्तीतलाच. निकाल मान्य नसेल तर तो कळल्यापासून 60 दिवसांत अपील, आणि त्यानंतरही नाही पटलं तर आणखी 60 दिवसांत सुप्रीम कोर्ट. आणि समितीच्या सुनावणीची एक नोटीस आजही महाधिवक्त्याच्या टेबलावर जाते.